गृहलक्ष्मीचे खाते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या चोपड्यांना हळदकुंकू वाहतो आणि आपण घरोघरी पाटावर मांडलेल्या चांदीच्या रुपयापुढे हात जोडतो. पूजेची सारी तयारी जिने केलेली असते, ती त्या वेळी बहुधा स्वयंपाकघरात असते. तिला आपण मोठ्या कौतुकाने गृहलक्ष्मी म्हणतो. परंतु ह्या लक्ष्मीचे नाव कोणत्या चोपडीत आणि किती रकमेपुढे लिहिले आहे, हे पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. गेल्या दिवाळीत आमच्या शेजारी तो आला, म्हणून फराळाच्या ताटाबरोबर यंदा हा थोडा कडू विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

शेजारच्या माई ६८ वर्षांच्या. चकल्या तळता तळता त्यांना धाप लागली, मळमळू लागले, पाठ आणि जबडा भरून आला. मुलगा त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि हसून म्हणाले, "माई, दिवाळीचे तळण आणि तुमचे वय! पित्त झाले आहे, दुसरे काही नाही." गोळ्या मिळाल्या, कार्डिओग्राम काही निघाला नाही. तिसऱ्या रात्री इस्पितळात नेल्यावर तो निघाला, तेव्हा कळले की हृदयविकाराचा झटका दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला आहे. माई वाचल्या, परंतु हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. आता त्यांना जिना चढवत नाही की भरलेली बादली उचलवत नाही.

मुलाबरोबर मीही वकिलांकडे गेलो होतो. वकीलसाहेबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "मातोश्रींचे उत्पन्न किती?"

"काही नाही. ती घरीच असते."

"आणि वय?"

"अडुसष्ट."

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "तक्रार अवश्य करा. मात्र रक्कम मोठी मिळेल, असे धरून चालू नका."

ते खरे तेच बोलत होते. माईंच्या बाबतीत एक चूक रुग्णशय्येपाशी झाली आणि दुसरी हिशेबाच्या वहीत व्हायची होती. ह्या दोन चुका सख्ख्या बहिणी आहेत, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

पहिलीपासून सुरुवात करू. हृदयविकार म्हटला की छातीवर हात दाबून कोसळणारा मध्यमवयीन पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. छातीत कळ स्त्रियांच्याही येते. परंतु तिच्या जोडीला, कधी तिच्याऐवजी, धाप, मळमळ, पाठदुखी, जबड्याचे दुखणे हे प्रकार स्त्रियांत अधिक आढळतात. वृद्धांचे आणि मधुमेह्यांचेही तसेच. म्हणजे स्त्री आणि त्यातून म्हातारी असली की दुखणे ओळखू न येण्याची शक्यता दुप्पट.

औषधांचीही गोष्ट निराळी नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये औषध नियंत्रण खात्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावयास सांगितले होते. ते बंधन १९९३ मध्ये उठले. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी तिकडे १९९२ मध्ये मंजूर झाली. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांना निम्मीच मात्रा द्यावी, असे त्याच खात्याने सांगितले ते २०१३ मध्ये. मधली वीस वर्षे स्त्रियांनी पुरुषांच्या मापाची गोळी घेतली.

शिवाय काही शस्त्रे स्त्रियांच्याच वाट्याला येतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत स्त्रीची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुषाची अवघ्या ०.३ टक्क्यांत. शस्त्रक्रिया जिच्यावर, चुकीचा धोकाही तिलाच. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात नोव्हेंबर २०१४ मध्ये एकाच डॉक्टरांनी काही तासांत ८३ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया केली. पुढील दिवसांत त्यांतल्या दहाहून अधिक जणी दगावल्या.

आपल्या महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली आणि तिच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. रक्त टिपण्याचे कापड तिच्या पोटातच राहिले आणि त्याच महिन्यात ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने दिलेले ३६,००० रुपये उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केले, तेव्हा १९९६ साल उजाडले होते. तेहेतीस वर्षे! त्या काळात पाळण्यातल्या मुलाची मुले शाळेत जाऊ लागतात.

आता दुसरी चूक, म्हणजे हिशेब. माणूस गेले किंवा जन्माचे अधू झाले की वर्षाची मिळकत घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे, ही रीत मोटार अपघातांच्या दाव्यांतून रूढ झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेल्या कोष्टकात पंचविशीपर्यंतच्या तरुणासाठी गुणक १८ आहे, तर पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ५. मिळवत्याच्या मागे राहिलेल्यांचे पैशाचे नुकसान भरून काढणे, एवढाच हेतू असेल तर ह्यात तर्क आहे. पण ज्याची मिळकतच कागदावर नाही, त्याचे काय? शून्याला अठराने गुणा नाहीतर पाचाने.

न्यायालयांनाही हे शून्य खटकत आले आहे. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात आग लागून पुष्कळ बायकामुले होरपळून मेली. त्यांच्या भरपाईचा निकाल २००१ मध्ये लागला. हा दावा वैद्यकीय नव्हे, परंतु हिशेबाचे कोडे तेच. ३४ ते ५९ वर्षांच्या गृहिणींचे घरातील काम न्यायालयाने वर्षाला ३६,००० रुपयांचे धरले आणि ६२ ते ७२ वर्षांच्या आजीबाईंचे २०,००० रुपयांचे. साठी उलटली की वरणभाताची किंमत उतरते, असाच ह्याचा अर्थ! पुढे २०१० मध्ये दुसऱ्या एका निकालात न्यायमूर्ती गांगुली ह्यांनी निदर्शनास आणले की २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी ह्यांच्याबरोबर काम न करणाऱ्यांत घातले आहे.

२०२१ मध्ये न्यायालयाने सरकारी पाहणीचे आकडेच पुढे ठेवले. बिनमोबदला घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, तर पुरुष ९७. गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे ही मेहेरबानी नसून तिच्या श्रमांची ओळख आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

वैद्यकीय दाव्यांतही आशेला जागा आहे. कोलकात्यात १९९८ मध्ये झालेल्या चुकीच्या उपचारांनी एक तरुण स्त्री दगावली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपये भरपाई दिली आणि अशा दाव्यांत ते गुणकांचे कोष्टक डोळे मिटून लावू नये, असेही सांगितले. अर्थात ती बाई अमेरिकेत शिकलेली मानसशास्त्रज्ञ होती, हेही विसरता येत नाही. मला अधिक मोलाचा वाटतो तो २०१५ चा निकाल. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली. तिचे डोळे वेळेवर तपासले नाहीत आणि ती आंधळी झाली. तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मिळाले. ती कमावते किती, हे तिथे विचारलेच नाही. तिला जन्मभर लागेल किती, हे विचारले. माझ्या मते योग्य प्रश्न तोच.

ह्यावर कोणी म्हणेल, डॉक्टरही माणूसच आहे. ते मला पूर्ण मान्य आहे. उपचार फसला म्हणजे हयगय झालीच असे नव्हे, हे न्यायालयानेही वारंवार सांगितले आहे. पण हयगय झालीच असेल, तर चिठ्ठीवरच्या वयाने आणि पगाराने तिची किंमत का ठरावी?

वाचकांच्या उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी सांगतो. रुग्णाचे कागद मागितल्यास ७२ तासांत द्यावे, असा २००२ पासूनचा नियम आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या निकालाने ग्राहक कायद्यात येते, आणि तक्रारीस मुदत दोन वर्षांची आहे. मात्र सर्वांवर फुकट उपचार करणारे रुग्णालय त्या कायद्यात येत नाही. तिथल्या चुकीसाठी दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

माईंच्या मुलाने अखेर काय केले? वकीलसाहेबांनीच सुचवल्यावरून तो एक वही घेऊन बसला. आई पूर्वी काय काय करीत असे आणि आता त्यासाठी कोणाला किती द्यावे लागते, ते लिहू लागला. स्वयंपाकाच्या बाई, नातवाला शाळेतून आणणारी मुलगी, दुखणाईत काकांना वेळेवर औषध देणे, निवडणे-टिपणे, आल्यागेल्याचे पाहणे. दोन पाने भरली. माई खाटेवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "अरे, पहाटे पाचला पाणी भरायचे राहिले."

त्याने तेही लिहिले. ती पाने आता तक्रारीला जोडली आहेत. निकाल व्हायचा आहे.

पाडव्याला आपण नवी वही उघडतो. वाचकहो, यंदा तिचे पहिले पान घरातल्या एखाद्या माईसाठी राखून ठेवा आणि तिला शेजारी बसवूनच ते लिहा. काय राहिले ते तिलाच आठवेल. आणि ती जेव्हा म्हणेल, "काही नाही रे, जरा पित्त झाले आहे", तेव्हा एक कार्डिओग्राम काढूनच घरी आणा.