जास्वंदीचें झाड आणि चैत्रांतील कात्री

आमच्या अष्टमींतीलच एका वाचक-भगिनींनीं पत्र धाडून एक प्रश्न विचारला आहे. मागच्या उन्हाळ्यांत त्या उटीस गेल्या होत्या. तेथील बागांत हायड्रेंजियाचे निळे-जांभळे गेंद त्यांनीं पाहिले. आणि पुढें एका चित्रांत तेंच झुडूप एका खोडावर चढवून छत्रीसारखें केलेलें त्यांच्या दृष्टीस पडलें. "असें लहानसें झाड आमच्या वृंदावनासमोर असावें असें फार मनांत आहे. तें येथें होईल काय? आणि चैत्रांत त्याची छाटणी करावी कीं नाहीं?" असें त्या विचारतात.

हायड्रेंजिया हें नांव ग्रीक शब्दांवरून आलेलें असून त्याचा अर्थ जलपात्र असा होतो. नांवाप्रमाणेंच हें झुडूप पाण्याचें लोभी आहे. गेंदाची जी जात आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणीं लावितात, ती मूळची जपानकडील. तिचा रंग मातीवर ठरतो. आम्लधर्मी मातींत तिला अल्युमिनियम शोषून घेतां येतें व फूल निळें येतें. चुनखडीच्या मातींत तेंच फूल गुलाबी होतें. आमच्या कोंकणची तांबडी माती आम्लधर्मीच आहे, आणि पावसाची तर वाणच नाहीं. तेव्हां माती व पाणी यांची अडचण पडूं नये. अडचण आहे ती हवेची. ह्या जातीस कळ्या नीट धरण्यासाठीं कित्येक आठवडे गारवा लागतो. कुंडलिकेच्या कांठीं तितका गारवा पौषांतही लाभत नाहीं. रोप जगलें तरी पानांवरच समाधान मानावें लागेल, आणि वैशाखाच्या उन्हांत तीं पानेंही करपतील.

आतां छाटणीविषयीं. निळ्या गेंदाच्या जातीचें फूल बहुधा गतवर्षींच्या काडीच्या टोकाशीं धरलेल्या कळींतून येतें. वसंतांत ती काडी छाटली, म्हणजे त्या वर्षाचें फूलच छाटलें. परदेशच्या बागांत ज्याचें लहान झाड करितात, तो बहुतकरून ह्याच कुळांतील दुसरा प्रकार असतो. त्याचे तुरे पांढरे व शंकूच्या आकाराचे असून ते त्याच वर्षींच्या नव्या फुटव्यावर येतात. म्हणून हिंवाळा सरतां सरतां त्याची छाटणी करणें योग्य ठरतें. कुळ एक, पण रीत अगदीं उलट! आपल्या आंब्याचें पाहावें: त्याचा मोहोर जून झालेल्या काडीच्या टोकास येतो. मार्गशीर्षांत कोणी आंब्याचे शेंडे छाटले, तर मोहोर कोठून येणार? तेव्हां हातीं कात्री घेण्यापूर्वीं झाडास एक प्रश्न विचारावा: बाबा रे, तुझें फूल जुन्या काडीवर येतें कीं नव्या? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पानासही हात लावूं नये.

ह्या प्रश्नास आपणांस सोयीचें उत्तर देणारें झुडूप प्रत्येकाच्या परसांत आहे, तें म्हणजे जास्वंद. तिचें फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेंत येतें. अमरकोशांत तिचीं जपापुष्प व ओड्रपुष्प अशीं नांवें आहेत. स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेविलें कीं स्फटिक तांबडा भासतो, हा वेदांत्यांचा दृष्टांत आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. १७५३ सालीं लिनीअसनें तिला चीनचा गुलाब ह्या अर्थाचें नांव दिलें. संस्कृत व वनस्पतिशास्त्र यांचें वांकडें आहे असें कित्येकांस वाटतें. पण ज्यांच्या घराण्याचा रोह्याशीं जुना संबंध, त्या चिंतामणराव देशमुखांनीं १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ति मिळविली, आणि पुढें १९१७ सालीं केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्राचें पारितोषिकही मिळविलें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या ह्या गृहस्थांनींच मेघदूताचें मराठी रूपांतर केलें.

जास्वंदीचें झाड करण्याची रीत अशी. फाल्गुन सरतां किंवा चैत्र लागतां परसांतील जुन्या झुडपांतून सरळ वाढलेला, करंगळीएवढा एक फुटवा निवडावा. बाकीचे फुटवे बुडाशीं कापून टाकावे. त्याच्या शेजारीं, मुळें न दुखवितां, बांबूची काठी रोंवावी, आणि जुन्या धोतराच्या चिंधीनें फुटवा तिला बांधावा. चिंधीस काठी व खोड यांच्या मध्यें एक पीळ द्यावा, म्हणजे खोड काठीवर घांसत नाहीं. तीन-साडेतीन फूट उंची येईपर्यंत शेंड्यास हात लावूं नये. तितकी उंची आल्यावर शेंडा नखानें खुडावा. शेंड्यांत तयार होणारें ऑक्सिन नांवाचें द्रव्य खालीं उतरून बगलेंतील डोळ्यांस दाबून ठेवितें. शेंडा गेला कीं तो दाब जातो आणि वरचे तीन-चार डोळे एकदम फुटतात. त्या फांद्यांस चार-चार पानें आलीं कीं त्यांचेही शेंडे खुडावे. असें दोन-तीन वेळां केलें म्हणजे डोकें दाट व वाटोळें होतें. बुडाशीं येणारे नवे फुटवे कोंवळे असतांनाच चोळून काढावे. दोन-तीन वर्षांत झाड आकारास येतें.

ह्या सर्वांत खोडाचा प्रकार फार नाजूक आहे. आम्हीं तेथेंच चूक केली, म्हणून ती सांगतों. आमच्या परसांत दोन जास्वंदी अशा चढविल्या होत्या. पहिली दाराशीं असल्यामुळें तिचें कौतुक फार. तिच्या खोडावर एकही पान राहूं नये म्हणून आम्हीं रोज सकाळीं नवा कोंब दिसला कीं खुडीत असूं, आणि चार ठिकाणीं सुतळीनें आवळून तिला काठीस ताठ बांधिलें होतें. येणारा-जाणारा तिला वाखाणी. दुसरी विहिरीमागें. तिच्याकडे आमचें दुर्लक्ष. खोडावर आडव्या काड्या वाढलेल्या, आणि बंध एकच, तोही सैल.

३ जून २०२० रोजीं, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस, 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनें किनाऱ्यावर चढलें. आमच्या जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, तेथें जास्वंदीची काय कथा! पण वारा पडल्यावर परसांत जाऊन पाहातों तों दाराशींची देखणी जास्वंद सर्वांत वरच्या बंधापाशीं कट्कन मोडून पडलेली, आणि विहिरीमागची, पानांच्या चिंध्या झालेल्या, पण उभी! त्या वर्षीं गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला आली. पूजेस तांबडीं फुलें मिळालीं तीं विहिरीमागच्या जास्वंदीचीं.

कारण पुढें उमगलें. खोडावरच्या काड्यांचीं पानें त्याच खोडास अन्न पुरवितात. तीं असतात तोंवर खोड बुडाशीं जाड होत जातें. वाऱ्यानें थोडें हाललें-डोललें म्हणजेच लांकूड निबर होतें. आम्हीं पहिलीचें अन्न तोडलें आणि हालणेंही बंद केलें. ती उंच झाली, पण बळकट झाली नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं, खोडावरच्या काड्या लगेच काढूं नयेत. दोन पानें ठेवून फक्त आंखूड कराव्या. खोड अंगठ्याएवढें जाड झालें म्हणजे मग खालून वर एक-एक काढावी. बंध सैल असावा, दर महिन्यास सोडून पुन्हां बांधावा, आणि खोड आपलें आपण उभें राहूं लागलें कीं काठी काढून घ्यावी.

आमचा जन्म मुलें शिकविण्यांत गेला. वर्गांत चित्रें काढणारा, गणिताच्या तासास पक्ष्यांच्या नकला करणारा, नको ते प्रश्न विचारणारा, अशा कित्येकांच्या आडव्या काड्या आम्हीं त्या कोंवळ्या असतांनाच खुडल्या, आणि खोड कसें स्वच्छ दिसतें म्हणून समाधान मानिलें. कदाचित् त्या काड्यांवरच त्यांचें खोड जाड व्हावयाचें होतें. हें जास्वंदीनें आम्हांस शिकविलें, पण तें शाळा सुटल्यावर. ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत, त्यांस अद्याप वेळ आहे.

आतां वार्षिक निगा. झाड तयार झाल्यावर दर चैत्रांत डोक्याचा सुमारें तिसरा हिस्सा छाटावा. छाट तिरकी, आणि बाहेरच्या बाजूस पाहाणाऱ्या डोळ्याच्या किंचित् वर असावी, म्हणजे नवी फांदी आंत न शिरतां बाहेर जाते. बुंध्यापासून वीतभर दूर आळें करून पाटीभर कुजलेलें शेणखत द्यावें व वर भाताचा पेंढा पसरावा. वैशाखांत रोज सकाळीं पाणी द्यावें. पाण्याची ओढ बसली तर कळ्या गळतात. पावसाळ्यांत मात्र आळें मोडून पाणी वाहून जाऊं द्यावें. कोंवळ्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पातळ पाण्यानें फडक्यानें पुसून काढावा. मुंग्यांची रांग लागली असेल, तर तो जवळच आहे असें समजावें.

आणि एक तिथि गृहिणींनीं लक्षांत ठेवावी. शेंडा खुडल्यापासून फूल येईपर्यंत दोन-अडीच महिने जातात. वटपौर्णिमेपासून भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत जवळ जवळ तेवढेच दिवस असतात. तेव्हां वटपौर्णिमेनंतर जास्वंदीस कात्री लावूं नये. एका वर्षीं झाड फार पसरलें म्हणून आम्हीं श्रावणांत तें छाटलें, आणि गणपतीसाठीं शेजारच्यांच्या दारीं परडी घेऊन जाण्याची पाळी आमच्यावर आली.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमची विनंति अशी कीं, निळा गेंद उटीलाच राहूं द्यावा. जेथलें फूल तेथेंच शोभतें. ज्येष्ठाच्या अखेरीस पाऊस स्थिर झाला कीं जास्वंदीची काडी सहज लागते. त्यांनीं आमच्या घरीं यावें आणि विहिरीमागच्या झाडाची वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड काडी घेऊन जावी. काठी व चिंधी त्यांच्या घरीं असेलच; बंध मात्र सैल ठेवावा.