टाइल्स लागण्याआधी
घर बांधताना टाइल्सच्या रंगावरून आठवडाभर वाद चालतो, पण भिंतीत गाडल्या जाणाऱ्या पाइपांकडे कुणी ढुंकून बघत नाही. गिलाव्याआधी सगळी टोकं प्लगने बंद करा, सोल्युशन नीट वाळू द्या, मग हातपंपाने दाब भरून काटा खाली येतो का ते तासन्‌तास बघा. ‘काही गळत नाही, साहेब’ असं प्लंबर म्हणेलच. नंतर भिंतीला मोजायची टेप लावून पाइपांचा फोटो काढून ठेवा. आम्ही काढला नव्हता. आरशासाठी मारलेलं ड्रिल थेट गरम पाण्याच्या सीपीव्हीसीत घुसलं. आणि शॉवर? 10 मीटर उंचीला जेमतेम 1 बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर 3 मीटरच असेल, तर महागड्या शॉवरचीही धार मरतुकडीच पडणार.