दाराची किल्ली कोणाच्या हाती?

वसमतच्या एखाद्या शिक्षकाचा संगणक अडला आणि जाणता मित्र पुण्यात असला, तर दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर ही मोठीच सोय होय. परंतु मित्र ज्या दाराने येतो त्याच दाराने चोरही येऊ शकतो. ‘एनीडेस्क’च्या आडून यूपीआय खाती लुटली जाण्याचा धोका रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना कळविला होता. त्या फसवणुकीत कुलूप फोडावे लागत नसे; नऊ आकडी संकेतांक ग्राहकाकडूनच वदवून घेतला जाई.

तेव्हा निवडीची कसोटी लोकप्रियता नव्हे. परवानगी कोण देतो आणि ती किती वेळ टिकते, ही आहे. विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’चा संकेतांक अल्पजीवी असतो आणि संगणकधारकाच्या संमतीवाचून ताबा मिळत नाही. ‘रस्टडेस्क’ची संहिता खुली असून सर्व्हरही स्वतःचा ठेवता येतो. मात्र साधन कोणतेही असो, कायमचा पासवर्ड देऊन ठेवणे अविचाराचेच.

मित्राला फोन आपण करावा, बँकेची पाने आधी मिटावीत, काम संपताच जोडणी तोडावी. न बोलावता मदतीस धावणाऱ्या ‘अधिकाऱ्या’ला दारातूनच परत पाठवावे, फसगत झालीच, तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. संकोचापायी गेलेला वेळ चोराच्याच पथ्यावर पडतो.