आधी जुळणी, मग खरेदी

पेणला गणपतीची मूर्ती ठरवताना आपण आधी मखराची उंची मोजतो. मग मुलांनो, गेमिंगचा संगणक जोडताना आधी महागडं ग्राफिक्स कार्डच का घेता? माझं स्पष्ट मत आहे: प्रोसेसर आणि मदरबोर्डची जोडी पहिली ठरवा. एएम५ सॉकेटच्या बोर्डवर डीडीआर५ रॅमच चालते. घरातली जुनी डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. मग कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का, पॉवर सप्लायचे वॅट पुरतात का, ते बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चुकीचा भाग आणला, तर बदलायला रोह्याहून पुन्हा तेवढीच खेप! पैसे आईवडिलांच्या कष्टाचे आहेत. कागदावर यादी जुळली, तरच खिशात हात घाला.