बिनछपराची मोटार

मराठी मध्यमवर्गाच्या घरात एक प्रश्न देवघरातल्या समईसारखा अखंड तेवत असतो : "याचा उपयोग काय?" मुलानं बासरी आणली, उपयोग काय? मुलीनं अकरावीला संस्कृत घेतलं, उपयोग काय? बायकोनं गॅलरीत मोगऱ्याची कुंडी ठेवली, तर त्यापेक्षा कोथिंबीर लाव, भाजीत तरी पडेल! या एका प्रश्नानं आमच्या वर्गाची जेवढी सुखं मारली तेवढी महागाईच्या बापालाही मारता आली नसती.

गेल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न मला सदतीस वेळा विचारण्यात आला. मी हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं आहे, मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही. कारण इतकंच घडलं की, मी एक जुनी, दोन सीटांची, उघड्या छताची स्पोर्ट्‌स मोटार घ्यायचं ठरवलं आणि पुण्याला जाऊन इसारही देऊन आलो. त्यावर बुलढाण्यातल्या आमच्या कॉलनीत जी खळबळ उडाली, ती एखाद्या सेवानिवृत्त मास्तरानं दुसरं लग्न केलं असतं तरी उडाली नसती. सदतीस जणांना सदतीस वेळा तोंड देण्यापेक्षा हे एकच जाहीर उत्तर बरं.

आधी गाडीची ओळख. तिचं नाव सॅन स्टॉर्म. नावावरून आणि नाकीडोळी ती विलायती वाटते, पण जन्म गोव्यातला. अंग फायबरचं, इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या घराण्यातलं, ११४९ सी. सी.चं, ताकद साठ घोड्यांची, आणि बसायला माणसं फक्त दोन. या गाड्या आता निघत नाहीत, म्हणजे मिळाली तर जुनीच मिळणार. मला मिळाली. आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप हवेचा. "सर, आपल्याकडे उघडी गाडी? मेमध्ये भाजून निघाल!" आता आमचा जिल्हा दोन मजली आहे हे परगावच्या वाचकांना सांगितलं पाहिजे. बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके घाटावर, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. वरच्या मजल्यावर हवा बरी असते, खालच्या मजल्यावर मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. मार्च ते जून ऊन, जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे छत उघडण्याजोगे महिने उरले पाच, तेही सकाळ-संध्याकाळ. हिशोब अगदी बरोबर आहे. मीच फळ्यावर मांडून दाखवला असता.

पण म्हणून काय झालं? आंबा दोन महिने मिळतो, म्हणून तो खाऊ नये असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे. लग्नातला सूट आम्ही एकदा घालतो आणि पुढं चाळीस वर्षं त्याला डांबराच्या गोळ्या घालतो. तिथं कुणी महिने मोजत नाही! आणि हवामान हेच कारण असेल तर उघड्या मोटारी इंग्लंडात निघायलाच नको होत्या. ज्या देशात माणूस छत्रीशिवाय बाहेर पडत नाही म्हणतात, त्याच देशानं एम. जी., ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, लोटस अशा बिनछपराच्या गाड्यांची रांग लावली. जपानात पाऊस काय कमी पडतो? तिथल्या माझदा कंपनीनं १९८९ साली एम. एक्स.-५ नावाची अशीच दोन सीटांची उघडी गाडी काढली आणि २०१६ साली तिचा दहा लाखावा नग कारखान्यातून बाहेर पडला. दहा लाख माणसं एकदम वेडी झाली असं मानायला मी गणिताचा मास्तर म्हणून तयार नाही.

शिवाय गाडीला छत आहे. कापडी आहे, पण आहे, आणि ते उघडतं तसं मिटतंही. हे सांगितलं की आक्षेपवाले क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "मिटतंय ना? मग उघडायचंच कशाला?" आता बोला! आणि छपराच्या भरवशाचं म्हणाल तर तो आमच्या जिल्ह्यानं तरी धरू नये. आमच्याच लोणारला एकदा वरून जे येऊन पडलं त्यानं पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडला. त्या वेळी खाली बंद मोटारीत कुणी बसला असता तर त्याचा असा काय फायदा झाला असता?

दुसरा आक्षेप : "दुसऱ्यानं वापरलेली कशाला?" हा प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतः रीसेलच्या फ्लॅटमध्ये राहतात. पण ते असो. मी त्यांना उलट विचारतो की, बैल कधी कुणी कोरा करकरीत, खोक्यातून काढलेला घेतला आहे का? बैल जुनाच घेतात, पण बघून घेतात. म्हणूनच मी पुण्याला जाताना कुणा इंजिनियरला न नेता माझ्या चुलतभावाला नेलं. तो जळगाव जामोदकडं शेती करतो आणि बैलबाजारात त्याच्या शब्दाला मान आहे.

त्यानं मोटारीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "दादा, दात पाह्यले का हिचे?" मी त्याला टायर दाखवलं. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलं. गाडीमालक 'टायर नवीनच आहेत' म्हणत होते, आणि दातांवरून वय निघालं सात वर्षं! भावानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं पायाखालचं कार्पेट उचलून खाली नाक घातलं. कुबट वास आला तर समजावं की छत गळतंय, किंवा पाणी जायच्या भोकांत पाला अडकून ते आतच मुरतंय. अंग फायबरचं म्हणून गंजत नाही, पण खालचा सांगाडा लोखंडीच असतो. तो त्यानं आडवा झोपून बघितला. कापडी छताची शिवण बोटानं चाचपली, ते तीनदा उघडून मिटवून घेतलं. गाडी गार असताना चालू करायला लावली, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन म्हणजे बाजारात आणण्यापूर्वी गूळ चारलेला बैल. शेवटी भाव करायला त्यानं मालकाचा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबली. ते पुण्याचे गृहस्थ इतके गोंधळले की दहा हजार तिथंच उतरले.

पुढची कागदपत्रं मी सांभाळतो आहे : पुण्याच्या परिवहन कार्यालयाचं ना-हरकत, नमुना २९, नमुना ३०. मोटारीला पंधरा वर्षं उलटून गेलेली, म्हणून तिची तपासणी, पर्यावरण कर आणि पुढं दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी. पंधराव्या वर्षानंतर सरकार मोटारीला विचारतं, "अजून चालतेस का?" मला साठाव्या वर्षी तेवढंही कुणी विचारलं नाही. अठ्ठावन्नलाच हार-नारळ देऊन मोकळे झाले.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर चेहऱ्यानं घेतला जातो. "दोनच सीटा? मग बाकीचे कुठं बसणार?" कोण बाकीचे? आमच्याकडं बावीस वर्षं एक पाच सीटांची मोटार आहे. तिच्यात आम्ही दोघं आणि आणखी कुणी नाही, असा प्रवास पहिली अठरा वर्षं कधी झाला नाही. लोणारला निघालो तर मागं मेव्हणे, शेगावला निघालो तर आत्याबाई आणि त्यांची शेजारीण, सिंदखेडराजाला निघालो तर मुलांच्या वर्गातले आणखी तिघं. सौ. अठरा वर्षं पुढच्या सीटवर बसूनसुद्धा मागंच तोंड करून होत्या. कुणाला उलटी होतेय, कुणाला पाणी हवंय, चिवड्याचा डबा कुठं गेला. बोथ्याच्या घाटात दोन्ही अंगाला ज्ञानगंगेचं जंगल आहे, हे त्यांनी बहुधा माझ्याकडूनच ऐकलं.

आता मुलगा बंगलोरला, मुलगी दुबईला. मेव्हण्यांची स्वतःची गाडी आली. आत्याबाई गेल्या. गेली चार वर्षं मागच्या तीन सीटांवर आम्ही दळणाचा डबा, गॅसची टाकी आणि भाजीची पिशवी बसवून फिरतो. सांगा, यातल्या कुणाला सीटबेल्ट लावायची गरज आहे? रिकाम्या तीन सीटा ओढत फिरणं यालाच जर व्यवहार म्हणायचं असेल, तर मी अव्यवहारी ठरायला आनंदानं तयार आहे.

ही बातमी सौ.ना सांगताना माझी छाती धडधडत होती. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "दोनच सीटा आहेत हं." त्यांनी दोन खडे बाजूला काढले आणि म्हणाल्या, "बरं झालं. मागं वळून 'नीट बसलात ना' म्हणून विचारायला नको." सदतीस जणांमध्ये त्यांचा नंबर नाही, हे इथं नमूद करून ठेवतो.

चौथा आक्षेप : "या वयात? लोक काय म्हणतील?" आमच्याकडं उघड्या गाडीतून फिरायचा अधिकार दोघांनाच आहे. एक नवरदेव आणि दुसरा निवडून आलेला उमेदवार. दोघांनाही पुढं पाच वर्षं काय भोगायचं आहे याची कल्पना नसते, म्हणून त्यांचं कौतुक. तिसरा कुणी उघड्या गाडीत दिसला की लोक गुलाल शोधू लागतात. वयाबद्दल म्हणाल तर, 'आराधना' १९६९ साली आला आणि राजेश खन्ना उघड्या जीपमधून आगगाडीच्या बाजूनं गात गेला. तेव्हापासून आमच्या पिढीनं हे स्वप्न जपलं. डोक्यावर केस होते तोवर खिशात पैसे नव्हते. आता पैसे थोडे आहेत आणि केस जवळजवळ नाहीत, म्हणजे ते वाऱ्यानं विस्कटायची चिंताही मिटली. आणि वेगाची काळजी कुणी करू नये. समृद्धी महामार्गावर ताशी एकशेवीसनं जायला मला घाई कसली? या गाडीची मजा राजूर घाटाच्या वळणांवर आहे, तीही चाळीसच्या आत.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. उपयोग काय? हा प्रश्न आम्ही इतरांना विचारतो, स्वतःला विचारत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये पाटल्या आणि गोठ आहेत, वर्षातून दोन दिवस बाहेर येतात आणि त्या दोन दिवसांतही कुणी ओढून नेईल म्हणून हात पदराखाली असतो. शोकेसमधल्या चहाच्या सेटात कुणी कधी चहा प्यालेलं नाही. हॉलमधल्या सोफ्याला कव्हर, कव्हरला पुन्हा कव्हर. हा सगळा व्यवहार! आणि ज्या वस्तूत मी रोज बसणार, ती चैन. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत एका साखरपुड्यावर उडाले त्याहून या मोटारीला पैसे कमी पडतात, आणि साखरपुडा पुन्हा विकता येत नाही.

माझ्या त्या चुलतभावाकडं शंकरपटाची खोंडं आहेत. पटाचा बैल औताला जुंपत नाहीत. त्याला खुराक घालायचा, अंग चोळायचं, पळवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. बैलाच्या यातनांचा प्रश्न खरा आहे, तो विचारायलाच हवा होता. (मोटारीला शेपूट नसल्यामुळं ती पिरगाळता येत नाही, एवढी जमेची बाजू माझ्याकडं आहे.) पण मधली सात वर्षं पट बंद असताना या माणसानं जोडी विकली नाही. कापसाला भाव नव्हता, सोयाबीन पावसात काळं पडलं होतं, तरी नाही. मी तेव्हा मास्तरी सुरात त्याला विचारलं होतं, "अरे, उपयोग काय?" तो म्हणाला, "दादा, उपेगाचे दोन बैल हायेत ना गोठ्यात. हे मायासाठी हायेत."

ज्याचं पीक पावसाच्या हातात, भाव व्यापाऱ्याच्या हातात आणि कर्ज सोसायटीच्या वहीत, तो माणूस 'हे माझ्यासाठी' असं म्हणू शकतो. आणि पहिल्या तारखेला पेन्शन जमा होणारे आम्ही मोगऱ्याच्या कुंडीचासुद्धा हिशोब मागतो! २०१९ च्या अखेरीस तिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर हिंडून आमच्या ज्ञानगंगेत येऊन पोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळं त्याचा सगळा रस्ता नोंदला गेला. अभ्यासकांनी त्याची कारणं शोधली, ती असतीलही. पण बरं झालं, तो आमच्या कॉलनीत राहत नव्हता. पहिल्या दहा किलोमीटरलाच कुणीतरी फाटकात गाठून विचारलं असतं, "एवढं हिंडून उपयोग काय?"

तेव्हा अडतिसाव्या गृहस्थांनी माझ्याकडं येण्यापूर्वी आपल्या लॉकरची किल्ली कुठं आहे ते आधी शोधून ठेवावं. कागद हातात आले की दिवाळीनंतरच्या पहिल्या थंड सकाळी आम्ही दोघं बोथ्याच्या घाटानं खामगावकडं निघणार आहोत. सौ. या वेळी पुढं बघून बसतील. कुणाला बरोबर यायची इच्छा झालीच तर माफ करा, जागा नाही.