पोटऱ्यांची बदनामी

शरीरसौष्ठवाच्या दुनियेत सध्या एक शब्द फार बोकाळला आहे: ‘हट्टी स्नायू’. दंड फुगतात, छाती भरते, खांदे रुंदावतात. पण काही स्नायू म्हणे जन्माचेच हट्टी. त्यांना काही केले तरी ते जागचे हलत नाहीत. ह्या हट्टी मंडळींत पहिला मान पोटऱ्यांचा. वाचकहो, मला हा आरोप मुळीच मान्य नाही. मी शाळामास्तर आहे. वर्गातल्या ‘ढ’ ठरलेल्या पोराविषयी हेच वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि “त्याला कोणी किती वेळ शिकवले?” असे विचारले की बोलणारे खिडकीबाहेर पाहू लागतात.

कोणत्याही व्यायामशाळेत संध्याकाळी जाऊन पाहा. तासभर छाती होते, तासभर दंड होतात. आरशापुढे उभे राहून दंड किती चढला ते चार-चारदा पाहिले जाते. मग अंगातला जोम संपला, घरी जेवण वाढून ठेवले असेल ही आठवण झाली, की पिशवी उचलता उचलता पोटऱ्यांची पाळी येते. यंत्रात उभे राहायचे, वीस वेळा टाचा वरखाली उडवायच्या आणि घरचा रस्ता धरायचा. सहा महिन्यांनी फीत लावून पाहायची आणि जाहीर करायचे, “आमच्या पोटऱ्या हट्टी!”

‘उडवायच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. टाचेच्या मागे जी जाड शीर असते, ती ताणून सोडली की रबरासारखी परत येते. चालता-धावताना आपली शक्ती वाचावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. टाचा धपाधप उडवल्या की ओझ्याचा बराचसा भाग ही शीरच पेलते. राबते शीर आणि हजेरी लागते पोटरीची! टाच खाली पुरती उतरवून तेथे क्षण-दोन क्षण थांबा, झोका मरू द्या, आणि मग सावकाश वर या. वीस वेळा करणारा गडी आठाला घामाघूम होतो. हट्ट कोठे जातो कोण जाणे.

पोटरी ही एकटी बाई नाही, ह्याचाही आमच्या मंडळींना पत्ता नसतो. तिच्यात दोन मोठे स्नायू आहेत. वरचा, दुहेरी फुगवट्याचा, गुडघ्याच्याही वरून निघतो. त्याच्याखाली दडलेला सपाट स्नायू गुडघ्याखाली सुरू होतो. दोघेही टाचेच्या त्याच शिरेला येऊन मिळतात. आता गुडघा वाकवून बसलात की वरचा स्नायू सैल पडतो आणि त्याला धड जोर लावता येत नाही. 2023 साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्या बाबतीत डोळे उघडणारा आहे. 14 माणसे घेतली. प्रत्येकाच्या एका पायाला उभ्याने व्यायाम, दुसऱ्याला बसून. आठवड्यातून दोनदा, 12 आठवडे. माणूस तोच, रक्त तेच, आईबाप तेच. उभ्याने राबलेल्या पायात वरच्या स्नायूचे दोन्ही भाग 9 ते 12 टक्क्यांनी वाढले; बसून राबलेल्या पायात ते दोन टक्केही वाढले नाहीत. एकाच माणसाचा एक पाय हट्टी आणि दुसरा आज्ञाधारक, असा प्रकार कोणी ऐकला आहे काय?

जन्माचा भाग अजिबात नाही, असे मी म्हणत नाही. स्नायू कोठे संपतो आणि शीर कोठे सुरू होते, हे आपण जन्मतः घेऊन येतो. कोणाची पोटरी खालपर्यंत भरलेली, तर कोणाची वरच गाठ मारल्यासारखी. ही ठेवण कोणत्याही व्यायामाने बदलत नाही, आणि बदलेल असे सांगणारा लबाड समजावा. पण ठेवण वेगळी आणि भर वेगळी. घराचा चौथरा बदलता येत नाही म्हणून कोणी भिंतीच बांधायच्या सोडत नाही.

अर्नोल्ड श्वार्झनेगरचे नाव आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 1970 पासून 1975 पर्यंत ओळीने सहा वेळा आणि पुन्हा 1980 साली तो ‘मिस्टर ऑलिंपिया’ झाला. पण त्याआधी त्याच्या पोटऱ्या त्याच्या छातीपुढे केविलवाण्या दिसत. दक्षिण आफ्रिकेत तो रेग पार्ककडे गेला. पार्क म्हणजे 1951, 1958 आणि 1965 असा तीनदा ‘मिस्टर युनिव्हर्स’ झालेला माणूस. तो पोटऱ्यांसाठी हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे किलो, उचलत होता; अर्नोल्ड त्याच्या निम्म्यावर समाधानी होता. ही हकीकत अर्नोल्डने स्वतःच सांगितली आहे. परत आल्यावर त्याने वजन तर वाढवलेच, पण व्यायामाच्या विजारी गुडघ्याखाली कापून टाकल्या. आपले व्यंग रोज चारचौघांना दिसावे, आपल्याला टोचावे, म्हणून! आमची पोरे नेमके उलट करतात. वर बिनबाह्यांचा सदरा आणि खाली घोट्यापर्यंत विजार.

आमच्या जुन्या तालमीत ही लपवाछपवी नव्हती. लंगोट लावलेला, पाय अनवाणी, आणि बैठक मारताना टाचा उचललेल्या. पोटरीला सुट्टी अशी मिळतच नसे. अर्थात तालमीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. तिथेही हजार-हजार बैठकांचे आकडे मिरवण्यात पुष्कळांचे आयुष्य गेले, आणि ओझे वाढवावे हे फार थोड्यांना सुचले.

पण हा सारा वाद केवळ दिसण्याचा असता, तर दिवाळीच्या फराळाच्या वेळी मी तो आपल्यापुढे मांडला नसता. ‘हट्टी’ हा शब्द निरुपद्रवी नाही. पोराची एकदा खात्री पटली की आपला स्नायू मेहनतीला बधणारा नाही, की मेहनतीवाचूनची वाट दाखवणारे दारात उभेच असतात. आमच्या भागातल्या एका व्यायामशाळेत, जिचे नाव मी घेणार नाही, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला प्रशिक्षकाने सांगितले, “तुझ्या पोटऱ्या जन्मात वाढणार नाहीत, सुई घे.” त्या सुईत असते सिंथॉल नावाचे तेल. ते सरळ स्नायूत टोचतात. स्नायू वाढत नाही, त्यात तेल साठते एवढेच. बळ तर कणभरही येत नाही. पुढे गाठी धरतात, पू होतो, आतला मांसल भाग निबर होतो, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. आणि तेल रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसापर्यंत गेले तर जिवावरच बेतते. पोरगा माझ्याकडे विचारायला आला, हे त्याचे नशीब. जे विचारत नाहीत, त्यांचे काय? उशाखालचा भ्रमणध्वनी त्यांना रात्रंदिवस हेच शिकवत असतो.

मी कादंबऱ्या लिहितो. सगळा दोष एका खलनायकाच्या माथी मारला की लेखकाचे काम किती हलके होते, हे मला चांगले ठाऊक आहे. इथे पोटरीला खलनायक करून व्यायामशाळेने आपले अज्ञान आणि आपला आळस झाकला आहे. आणि त्या जपानी प्रयोगातली वाढ फितीने मोजायला गेलात, तर अर्धा इंचही भरणार नाही, हे पोराला आधीच कोणी सांगत नाही. तीन महिन्यांत एवढेच होते. वर्षाने थोडे आणखी.

तेव्हा पालकहो, चिरंजीव व्यायामशाळेची फी मागू लागले, तर जरूर द्या. पण एकदा स्वतः तिथे जा आणि चालकांना दोनच गोष्टी विचारा: इथे सुईचा धंदा चालतो काय, आणि पोटऱ्यांचा व्यायाम आधी करून घेता की शेवटी. त्यांनी हसून बोलणे टाळले, तर पोराला घरी घेऊन या. जिन्याची खालची पायरी, कठड्याला एक हात, एका पायावर उभे राहून टाच खाली पुरती सोडायची. आणि ते सोपे वाटू लागले की दुसऱ्या हातात पाण्याची भरलेली कळशी.