कानात सांगण्याआधी

बारशाला पाच दिवस उरले होते आणि गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढून दिलं होतं. स्वाती नक्षत्र, दुसरं चरण, म्हणजे 'रे'. मुलगी असती तर रेवती, रेणुका, रेवा अशी रांग लागली असती. मुलाच्या नावापाशी गाडी अडली. आईने नवनाथांमधल्या रेवणनाथांवरून 'रेवण' सुचवलं, ते भावाला जुनं वाटलं. रात्री त्याने आणि भावजयीने मोबाइलवर नावांच्या याद्या चाळल्या आणि सकाळी चहाला बसल्यावर सांगून टाकलं, "रेहान. छोटं आहे, कानाला गोड आहे, परदेशात कुणाची जीभ अडखळणार नाही."

आईने कप खाली ठेवला. "हे आपल्यातलं नाव नाही," एवढंच म्हणाली आणि बाळाच्या धुरीसाठी ओवा-वावडिंग काढायला उठून गेली.

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ते नाव सगळ्यांआधी मी सांगणार होते. जे आपण सांगायचं ते आपल्याला नीट ठाऊक असावं, असं माझ्या मनाने घेतलं.

मूळ अरबी शब्द 'रैहान'. सुवासिक वनस्पती असा त्याचा अर्थ. त्यातही तुळशीच्या कुळातली ती गोड वासाची जात, जिचं बी आपण उन्हाळ्यात सब्जा म्हणून सरबतात घालतो. आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा निवळला. "म्हणजे तुळशीच्याच घरातलं म्हणायचं!" संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकूंनाही ते कळलं होतं.

आईची समजूत पटली आणि माझी अस्वस्थता सुरू झाली. नावात आपली तुळस सापडली म्हणून ते चालणार असेल, तर ते ज्यांचं आहे त्यांना आपण दारातच उभं ठेवलं. रैहान हा शब्द कुराणात 'अर-रहमान' सूरेत आला आहे. हसन आणि हुसेन या नातवंडांना पैगंबरांनी या जगातले आपले दोन रैहान म्हटलं, असं हदीस सांगते. आपल्या गावोगावी मोहरमला ज्यांच्या नावाने ताबूत निघतात, तेच हे दोघे. एका आजोबाने नातवंडांना उराशी धरून वापरलेला हा शब्द आमच्या घरी यादीतून, अक्षर जुळलं म्हणून आला होता.

आपल्या मुलुखात अशी नावं पूर्वीही आली. मालोजीराजे भोसल्यांना मूल नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस बोलल्यावर त्यांना दोन मुलगे झाले, असं परंपरा सांगते. त्या पीराच्या नावावरून एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजीराजे शिवरायांचे वडील. खेड्यापाड्यांत मुलं जगत नसली की पीराला साकडं घातलं जाई आणि जगलेल्या पोराचं नाव पिराजी किंवा फकिरा ठेवलं जाई. अण्णाभाऊ साठ्यांच्या कादंबरीमुळे 'फकिरा' तर महाराष्ट्रभर पोचला. या माणसांनी दर्ग्याची पायरी चढून, ऊद जाळून, हात पसरून ती नावं मागून घेतली होती. नाव कुणाचं आहे हे त्या घरांतल्या पोराठोरांनाही माहीत असे.

१९०१ साली जावा बेटावर एका मुस्लिम शिक्षकाच्या घरी मुलगा जन्मला, त्याचं नाव कुस्नो. तो सारखा आजारी पडू लागला, तेव्हा वडिलांनी नाव बदललं आणि महाभारतातल्या कर्णावरून सुकर्णो ठेवलं. हाच पुढे इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्याकडे ही गोष्ट किती अभिमानाने सांगतात! त्या घरातल्या आजीने 'हे आपल्यातलं नाही' म्हणत कप खाली ठेवला असता, तर आपल्याला काय वाटलं असतं?

जुन्या नोकरीत माझा एक सहकारी होता, याच नावाचा, साताऱ्याकडचा. मी त्याला फोन केला. उच्चार विचारला. तो म्हणाला, "दादी रैहान म्हणायची, आम्ही सगळे रेहानच म्हणतो. फक्त कुराण पढताना 'ह' घशातून येतो." मग म्हणाला, "आमच्यातही पहिले शब्द कानातच पडतात ताई. बाळाच्या उजव्या कानात अजान देतात."

फोन ठेवताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तक्रारीचा सूर न लावता. गेल्या वर्षी भाड्याचं घर शोधताना मालकांशी सगळं बोलणं त्याच्या मराठीत छान व्हायचं. शेवटी नाव विचारायचे. नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी घर 'आधीच गेलेलं' असायचं. असं चार वेळा झालं.

ते मी भावाला आणि भावजयीला जसंच्या तसं सांगितलं. आपल्या रेहानच्या नावापुढे आपलं आडनाव असेल, मी म्हटलं. ते त्याला प्रत्येक दारातून आत नेईल. तेच नाव घेऊन जो दाराबाहेर उभा राहतो, त्याच्याबद्दल तुम्ही या मुलाला काय सांगणार आहात? उद्या आपलीच खोली भाड्याने द्यायची वेळ आली तर काय कराल? नाव बदला असं मला म्हणायचं नव्हतं. घ्यायचं तर ओझ्यासकट घ्या, एवढंच मागणं होतं. भाऊ बराच वेळ गप्प होता. भावजय म्हणाली, "त्यांना बारशाला बोलवा. नाव का ठेवलं ते मोठं झाल्यावर याला त्यांच्याकडूनही कळू दे."

तो आला, आईला घेऊन आला. माझ्या आईने त्या माउलींना पाळण्याजवळच्या खुर्चीवर बसवलं, ओटी भरली, घुगऱ्या दिल्या. पाठीवर बायकांच्या थापा पडत असताना मी वाकले आणि त्या इवल्याशा कानात 'रैहान' म्हटलं, दादी म्हणायची तसं. वर पाहिलं तर त्या माउलींचे ओठही माझ्याबरोबर हलले होते. आई त्यांना विचारत होती, "तुमच्या याचं नाव कुणी ठेवलं हो?" आणि त्या खुर्ची पुढे ओढून सांगू लागल्या.